कावळ्यांची टेकडी

वेम्बली
१८ नोव्हेंबर १९९१

वैजयंतीस,

पत्राला उशीर झाला, माफ कर. सात वर्षं दहा महिने झाले. एवढ्याला उशीरच म्हणतात की दुसरं काही, मला माहीत नाही. सहावीपर्यंत शिकलेल्या माणसाला जसं जमेल तसं लिहितो. वरती चि. लिहिलेलं नाही. लिहायला पेन टेकवलं होतं, कागदावर ठिपका दिसेल तुला. पण मी जे करून बसलो त्यानंतर ते लिहिणं खोटं वाटलं. राग मानू नकोस. मानलास तरी नवीन काय.

तू आईला पाठवलेलं दिवाळीचं कार्ड मिळालं. पाकिटावर तिचं नाव होतं, फोडलं मी. तू विचारलंस की मंगळवारी तीनला फोन वाजत राहतो, कोणी उचलत नाही, आई रागावली का. आई रागावलेली नाही. तिच्या उजव्या हाताचं दुखणं आहे. लिहिता येत नाही, फोन धरता येत नाही. म्हणून मी लिहितोय. बाकी काळजीचं कारण नाही.

मंगळवारी मी पेन्शनरांच्या क्लबात जेवायला जातो, हे तुला जर्मनीत बसून बरोबर माहीत होतं. बरं केलंत दोघींनी. मला तिथे पुडिंग खायला पाठवून इकडे तुमच्या गप्पा.

आता दुसरं. कार्डावर एका टेकडीचं चित्र आहे आणि खाली तिचं नाव छापलंय. मंडळातल्या शशिधरांना थोडं जर्मन येतं. ते म्हणाले, याचा अर्थ कावळ्यांची टेकडी. मी त्यांना म्हटलं, अशा नावाच्या जागी आपल्याकडे कोणी गुरंसुद्धा बांधणार नाही, आणि माझी मुलगी तिथे संसार करते. ते हसले. मंडळात हसायला लोकांना माझा विषय नेहमी पुरतो. तुझं लग्न झालं तेव्हा हेच शशिधर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "काय हरिभाऊ, लढाई हरलेला जावई मिळाला म्हणे!"

तर विचारायचं होतं ते असं. ही टेकडी किती उंच आहे? भोवती गावं किती, पाच का? रस्ता सगळीकडून वळसा घेऊन परत तुझ्या दाराशी येतो का? वर बसायला काही आहे का? गुडघे गेलेल्या माणसाला चढवेल का? सहज विचारतोय.

तुझ्या पत्त्यात घराचा नंबर नाही, नुसतं गावाचं नाव. पोस्टातल्या बाईला दोनदा विचारलं की एवढ्यावर पोचतं का. ती म्हणाली, पोचतं. इथले लोक काहीही विचारलं की हो म्हणतात.

हरिदास साळुंखे


वेम्बली
६ जानेवारी १९९२

वैजयंतीस,

तुझं पत्र आणि पार्सल नाताळाच्या आधीच मिळालं. सुट्टीत पोस्टाचं काही खरं नसतं, म्हणून थांबलो होतो.

पार्सल उघडलं तर शिवलेली पिशवी, आत काहीतरी खुळखुळतंय. मला वाटलं, पोरीनं बापाला वाटाणे पाठवले. चिठ्ठी वाचल्यावर कळलं, चेरीच्या बिया. टेकडीवरच्या तुमच्या बागेतल्या, धुऊन वाळवलेल्या, पिशवी तुझ्या सासूनं शिवलेली. बॉयलरवर दहा मिनिटं ठेवून आईच्या हाताला शेक द्यायचा. ठेवली. ऊब चांगली धरते. बरं वाटतं. आमच्या लहानपणी वीट तापवून फडक्यात गुंडाळायचे, तेच हे, फक्त जर्मन.

तू लिहितेस, टेकडी तीनशे बारा मीटर. एवढी? आपल्या गावामागचा म्हसोबाचा माळ याच्या दुप्पट असेल, आणि त्याला आम्ही माळ म्हणतो, डोंगर नाही. त्याच्यावर आम्ही अनवाणी गुरं घेऊन जायचो आणि कोणी त्याचं कार्ड छापलं नाही. एवढ्याशा उंचवट्यासाठी माझी मुलगी घर सोडून गेली. कॉलेजात जर्मन घेतलंस तेव्हा तू म्हणाली होतीस, बाबा, याच्यावर बँकेत जॉब मिळतो. मी बिस्किटाच्या कारखान्यात भट्टीपुढे उभा राहून सगळ्यांना सांगत होतो, मुलगी बँकेत जाणार. बँक राहिली बाजूला. फळं तोडायला गेली.

आणि तू पुढे लिहितेस, "बाबा, टेकडीचं आईला विचारा ना. ती सगळी फिरली आहे, पाच गाव पण. आता किती दिवस लपवायचा?" तुझं मराठी होतं तसंच आहे.

विचारलं आईला. ती काही बोलली नाही.

पण मला आता सगळं जुळतंय, आणि जुळतंय तसं डोकं फिरतंय. १९८८ चा एप्रिल. तुझी आई तीन आठवडे कार्डिफला गेली. तिची बहीण आशा तेव्हा तिथल्या हॉस्पिटलात नर्स होती, पुण्याला परत गेली नव्हती. आशाचं ऑपरेशन झालंय, करायला कोणी नाही, असं मला सांगितलं. जायच्या आधीच्या रविवारी किचनमध्ये डिंक तळत होती.

मी म्हटलं, "हे काय चाललंय?"

"आशाला लाडू. अशक्तपणा आलाय तिला."

"डिंकाचे? आणि ते हळीव कशाला भिजवलेत? या वयात बाळंत झाली का काय तुझी बहीण? मुलगा की मुलगी?"

"तुमच्या जिभेला काही हाड आहे का? बसलाच आहात तर खोबरं किसून द्या."

दिलं किसून. चार वाट्या. बोट सोलवटलं, तर म्हणाली, "रक्त पाडू नका लाडवात." पहिलटकरणीचं बाळंतपण आईनं करायचं असतं, ते करायला ती निघाली होती, आणि खोबरं किसायला बाप! अख्ख्या वेम्बलीत एवढा मूर्ख बाप दुसरा नसेल. डिंक, हळीव, खारीक, सगळं डोळ्यांसमोर मांडलेलं. तोंडानं बोलूनसुद्धा दाखवलं मी. तरी कळलं नाही.

व्हिक्टोरिया स्टेशनला सोडायला उदय गेला. त्याचाही हात होता म्हणजे यात. मला म्हणाला, "कार्डिफची कोच आहे, बाबा, डायरेक्ट." कार्डिफची म्हणे. समुद्र ओलांडून जाणारी गाडी होती ती.

परत आली तेव्हा मी विचारलं, "कशी आहे आशा?" ती म्हणाली, "आता बाळसं धरलंय."

मी म्हटलं, "पन्नाशीच्या बाईला?"

त्यावर ती जिन्यावर बसून हसली. पदर तोंडात कोंबून हसली. चार वर्षांत पहिल्यांदा हसताना बघत होतो, म्हणून मीही हसलो. मला वाटलं, चला, घर पुन्हा हसायला लागलं. माझ्यावरच हसत होती.

मला नात आहे, तिचं नाव मंजिरी आहे, ती आता पावणेचार वर्षांची आहे, हे मला अडुसष्टाव्या वर्षी तुझ्या पत्रातून कळतंय. तुम्ही मला अपराधी ठरवलंत ते ठीक. पण तुम्ही तिघांनी मिळून मला माझ्याच घरात पाव्हणा केलंत, त्याचं काय?

उदयचा फोन लागत नाही म्हणतेस. त्यानं ऑक्टोबरात घर बदललं, केंब्रिजमध्येच. नंबर तुला दिला नसेल. मी विचारीन.

हरिदास साळुंखे


वेम्बली
११ फेब्रुवारी १९९२

वैजयंतीस,

तुझं पत्र परवा आलं. ईस्टरला तुम्ही तिघं येणार, आईला बघायला, असं लिहिलंस. तू एवढ्या आनंदानं लिहिलंस की मला रात्री गोळी घ्यावी लागली.

येऊ नका. मागच्या खोलीत ओल आली आहे, भिंत हाताला गार लागते, लहान मुलीला खोकला होईल. बॉयलर मध्येच बंद पडतो. एप्रिलात समुद्र खवळलेला असतो, बोटीत लोक आजारी पडतात. तुझ्या त्याला आमचं जेवण सोसणार नाही. आणि आईला माणसं आली की दगदग होते. उन्हाळ्यात बघू. किंवा पुढच्या वर्षी.

मंजिरीनं आजीसाठी काढलेलं चित्र मिळालं. टेकडीवर काळे ठिपके काढलेत ते कावळे असणार. एवढे कावळे खरंच आहेत का तिथे? ते खरं लिही.

हरिदास


वेम्बली
२२ मार्च १९९२

चि. वैजयंती हीस,

तिकिटं काढली असं तू लिहिलंस. पंधरा एप्रिलची बोट. आता मला लिहिलंच पाहिजे. तीन पत्रं लिहून फाडली. हे फाडणार नाही. आज रविवार आहे, पेटी उद्या उघडतील, तरी आजच टाकीन. उद्यापर्यंत माझा माझ्यावर भरवसा नाही.

तुझी आई गेली. गेल्या सप्टेंबरच्या तीन तारखेला. तुझं दिवाळीचं कार्ड आलं तेव्हा ती जाऊन दोन महिने झाले होते.

हे वाचून तू पत्र खाली ठेवशील. थोडं थांबून पुन्हा उचल. पुढचं जास्त वाईट आहे आणि ते मी दुसऱ्या कोणाला लिहू शकत नाही.

एकतीस ऑगस्टला सकाळी ती चहा ओतत होती. कप भरला तरी ओततच राहिली. मी ओरडलो, "अगं, लक्ष कुठे आहे?" तिनं माझ्याकडे बघितलं आणि उजवा हात किटलीसकट खाली आला. हाताचं दुखणं मी खोटं लिहिलं नव्हतं, एवढंच समज. हॉस्पिटलात तीन दिवस होती. उजवी बाजू गेली, वाचा गेली. उदय आणि रेखा केंब्रिजहून लगेच आले.

पहिल्या दिवशी तिथल्या बाईनं मला घरी पाठवलं, ती कुठल्या गोळ्या घेते ते बघून या म्हणून. गोळ्या तिच्या डब्यात असतात. डब्यात गोळ्यांखाली एक फोटो होता आणि घडी घातलेला कागद. फोटोत ती एका पांढऱ्या टेकडीपुढे उभी आहे, सगळी झाडं फुललेली, अंगात माझा जुना कारखान्याचा कोट, हातात दुपट्यात गुंडाळलेलं मूल. मागे लिहिलेलं, "वैजूची मंजिरी. दिवस अकरा."

तुझ्या पत्रातून कळलं असं मी जानेवारीत लिहिलं, ते खोटं. मला तिथेच, बेडवर बसल्या बसल्या कळलं. ती हॉस्पिटलात पडलेली आणि मी घरी बसून खोबऱ्याच्या वाट्या मोजत होतो.

गोळ्या घेऊन परत गेलो तेव्हा ती जागी होती. मला बघून तिनं डावा हात उचलला. तोंडातून आवाज काढायला लागली. वै, वै, एवढंच. पुन्हा पुन्हा. वैजू, मला काय ते समजलं होतं. तिथल्या खुर्चीवर बसलेल्या परक्या माणसालाही समजलं असतं. मी म्हटलं, "चष्मा हवाय का?" आणि तिला चष्मा घातला. तिनं डाव्या हातानं काढून टाकला. मी परत घातला. तिनं मग डोळे मिटून घेतले.

तिला मी शिक्षा देत होतो. कार्डिफची. मला वाटलं, दोन दिवस जाऊ दे, राग उतरला की करू फोन. ती कुठे जातेय.

दुसऱ्या दिवशी कॉरिडॉरमध्ये उदय म्हणाला, "बाबा, वैजूला फोन करतो मी."

मी म्हटलं, "मी करतो."

"रिअली? तुम्ही करणार?" त्याचे डोळे भरून आले. मला मिठी मारली त्यानं, सगळ्यांसमोर. रेखाला हाक मारून म्हणाला, "अगं, बाबा वैजूला फोन करणार आहेत!" जसं काही आई बरी होणार.

मी खाली गेलो. फोनच्या पेटीत उभा राहिलो. नंबर खिशात होता, तिच्या डब्यातला. नाणी घातली आणि परत काढली. तुझ्याशी शेवटचं जे बोललो होतो ते आठवत होतं, आणि त्याच्यानंतरचं पहिलं वाक्य हे कसं बोलायचं ते येत नव्हतं. दहा मिनिटांनी वर गेलो. उदय म्हणाला, "काय म्हणाली?"

मी म्हटलं, "येणार नाही म्हणाली."

आधी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून गेलं. मग ते परत घ्यायला जे लागतं ते माझ्याकडे नव्हतं. उदयनं स्वतः फोन करायचं म्हटलं तर मी त्याचा हात धरला, आईच्या उशाशी भांडण नको म्हटलं. तीन तारखेला ती गेली. तेराव्यानंतर त्यानं तुझं नाव टाकलं. नवीन नंबर तुला दिला नाही तो यासाठी. त्याला वाटतं, आई मरत होती आणि तू टेकडीवरून उतरली नाहीस.

आता दहाव्याचं सांगतो. भटजी कामावरून रजा काढून आले. नदी नाही तर मागची बाग चालेल म्हणाले. भिंतीवर पिंड ठेवले. इथे कावळे नाहीत असं नाही, स्टेशनच्या छपरावर रोज ओळीनं बसतात. त्या दिवशी एक आला नाही. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. उदय हात जोडून म्हणाला, "आई, बाबांना मी बघेन." नाही आला. रेखा म्हणाली, "घराची काळजी करू नका, आई." नाही आला. उदयची मीनल म्हणाली, "आजी, मी मराठी शिकीन, प्रॉमिस." मग भिंतीवर काहीतरी हललं, तर मीनल ओरडली, "आजोबा, खार आला!"

भटजी म्हणाले, "बाईंचं काही मनात राहिलं असेल. कोणाला माहीत असेल तर बोला." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला माहीत होतं काय बोलायचं. एकच वाक्य. वैजूला कळवतो. पण ते बोललो असतो तर उदयनं विचारलं असतं, कळवतो म्हणजे? मी म्हटलं, "काही राहिलेलं नाही." भटजींनी मग दर्भाचा कावळा केला, तो शिववला आणि उरकलं. त्यांना चारला परत जायचं होतं.

ती तशीच गेली, वैजू. न शिवता.

तुझ्या नावानं मी आंघोळ केली ते तू विसरली नसशील. लग्नाचा फोटो पोस्टानं आला, जानेवारी होता, मी कपड्यांसकट नळाखाली बसलो, गार पाणी डोक्यावरून घेतलं आणि तसाच निथळत खाली येऊन तुला फोन केला. "मला मुलगी होती, ती गेली. आत्ताच आंघोळ करून आलो." तुझी आई वर जाऊन बाथरूम पुसत बसली. पाणी झिरपून किचनच्या छताला डाग पडला. उदयनं दोनदा रंग दिला, डाग परत वर येतो. सप्टेंबरात आईला पोचवून लोक घरी आले, सगळे ओळीनं आंघोळीला गेले, माझा नंबर शेवटचा. गरम पाणी संपलं होतं. मी नळ सोडला आणि नुसता उभा राहिलो. माझ्याच्यानं पाण्याखाली जाववेना. हात-तोंड धुऊन बाहेर आलो. कोणाच्या लक्षात आलं नाही. जी जिवंत होती तिच्या नावानं मी आंघोळ केली. जी मेली तिच्या नावाची अजून व्हायची आहे.

तो घडीचा कागद आता माझ्यापुढे आहे. तुझ्या टेकडीचा नकाशा आहे. मध्ये फुगलेल्या भाकरीसारखी टेकडी, भोवती पाच गोल. गावांची खरी नावं तिला लिहिता आली नसणार, तिनं आपली दिली आहेत. पावाचं गाव. बदकांचं गाव. बंद घड्याळाचं गाव. कुत्रं भुंकतं ते गाव. वैजूचं गाव. कुठे कोणाला लाडू दिले ते लिहिलंय. घड्याळाच्या गावातल्या म्हातारीनं दोन मागून घेतले म्हणे. माथ्यावर लिहिलंय, "येथे कावळे फार." आणि चढाच्या मध्यावर एक बाक काढलाय. त्याच्याशी लिहिलंय, "ह्यांचे गुडघे इथवर टिकतील. पुढे हळूहळू."

हा कागद मी हॉस्पिटलात परत जायच्या आधी वाचला होता. वाचून मला आणखी राग आला. मला फसवून गेली, आणि तिथे बसून माझे गुडघे मोजत होती. आता सहा महिने रोज वाचतो. चेरीच्या बियांची पिशवी मीच वापरतो, गुडघ्याला. ते पण सांगून टाकतो.

तुला राग येईल तो खरा आहे. पण मी एकटाच दोषी, असंही लिहिणार नाही. सरळ येऊन सांगितलं असतं की बाळंतपणाला जातेय, तर मी आरडाओरडा केला असता, दोन दिवस जेवलो नसतो, आणि खोबरं किसून दिलं असतं. एवढी परीक्षा तुम्ही माझी घ्यायला हवी होती. घेतली नाहीत.

उदयलाही सगळं लिहून ठेवलंय. ते पाकीट पुढच्या सोमवारी टाकीन. तुझं आधी पोचू दे. तुला हे दुसऱ्या कोणाकडून कळू नये, एवढं तरी माझ्या हातून व्हावं. त्याचा नवीन नंबर पाकिटाच्या आत लिहिला आहे. तो माझ्याशी बोलेल असं मला वाटत नाही. तुम्ही दोघं एकमेकांशी बोला.

बोटीचं तिकीट मोडायचं की नाही, तू ठरव. मी येऊ नका म्हणालो होतो, ते परत घेतो. खोलीत ओल नाही.

पण त्याआधी एक काम आहे, ते तुलाच करावं लागेल. पत्र वाचून झालं की आंघोळ कर. डोक्यावरून, आईच्या नावानं. माझ्यासारखी गार पाण्यानं करू नकोस, तिथे थंडी असेल, पाणी चांगलं कढत घे. मग मूठभर भात शिजव आणि टेकडीवर घेऊन जा. तुझ्या बेर्न्डला बरोबर घे, वाट ओली असेल. मंजिरीलाही ने. माथ्यावर, जिथे कावळे फार म्हणून लिहिलंय तिथे, दगडावर भात ठेव आणि मागे सरून उभी राहा. सहा महिन्यांनंतर चालतं का, ते मी भटजींना विचारलेलं नाही. नाही म्हणाले तर काय करू, म्हणून विचारलं नाही. कोणी काही बोलू नका. फक्त तू एकदा मोठ्यानं म्हण, "आई, बाबांनी कळवलं."

उशिरा कळवलं असंही म्हण. तिला खोटं सांगू नकोस.

मी मंगळवारी क्लबला जाणं सोडलंय. तीनला फोनजवळच असतो, आता उचलीन. फोन नको वाटला तर दोन ओळी लिही, एक लिही. मला शिव्या दिल्यास तरी चालेल, पण कावळा शिवला की नाही, तेवढं लगेच कळव.

बाबा